चाकवताची बातमी

सकाळी सात.

सुचित्रा बांधावर उकिडवी बसून चाकवताच्या जुड्या बांधत होती. दोनशे झाल्या. सिडनीपासून दीड तासावरचा मळा. पावसानं माती अशी धरली होती की पायात गमबूट आहेत की ढेकळं, कळेना. तिचा नवरा यतिन ओरडत आला, "अगं, टीव्हीत आपला मळा हाय!"

ब्रेकिंग : भारतीय शेतातल्या पालेभाजीनं विषबाधा. नऊ जण अत्यवस्थ.

"दवाखान्यात कुनीतरी म्हनलं, चाकवत खाल्ला. आन् हितं चाकवत पिकवनारं आपुन एकलंच," यतिन म्हणाला. "गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर समद्यांनी ऑर्डरी मोडल्या. आज घरीच बसू."

"बसलं की म्हनतील, पाप व्हतं म्हनून लपली. मग ह्या मातीतली काडी तरी कोन घील? काढ गाडी. आन् शेगडी टाक मागं."

ब्रेकिंग, साडेआठ : पाच जण.

"चार बरी झाली का उडाली?" गाडीत सुचित्रानं विचारलं.

"ते न्हाई सांगत."

गिरावीन, सिडनीतली भारतीय वस्ती. नऊ.

कम्युनिटी हॉलच्या पार्किंगमध्ये नेहमीची गिऱ्हाइकं लांब उभी. ग्रुप चालवणारे प्रतापराव मोबाइल पुढं धरून आले. "वहिनी, प्लीज. रिस्क नको. न्यूजमध्ये आलंय."

"न्यूज माज्या वाफ्यात कवा आली व्हती? चिखलात पाय तर उमटलं न्हाईत कुनाचं."

तिनं शेगडी पेटवली. लसूण तडतडला. चाकवत, डाळ, वर ताक. पहिला घास तिनं घेतला, दुसरा यतिनच्या तोंडात कोंबला.

"आता मोजा. सहावी मी, सातवा ह्यो."

कोणी हसलं नाही. कोणी गेलंही नाही.

दहा.

प्रतापरावांचा मोबाइल वाजला. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. आजारी एकच बाई, तीही घरी परतलेली. भाजी विकतची नव्हतीच. ओढ्याकाठचं तण चाकवतासारखं दिसलं, गाव आठवलं, खुडून शिजवलं.

"आन् बातमीतला फोटू?" सुचित्रानं विचारलं.

"फोटो... अजून तुमच्याच मळ्याचा आहे."

"मग फोन लावा त्या टीव्हीवाल्यास्नी. विंग्रजी तुमचं झ्याक हाय."

"लावतो ना. आधी चार जुड्या द्या."

"न्हाई. आदी घास, मग फोन, मग जुडी."

तिनं भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून पुढं केला. प्रतापरावांनी तोंड उघडलं, आणि मागं हळूहळू लागलेली अख्खी रांग त्यांच्या गळ्याकडं बघत राहिली.