पाचवं नाव

"शांतवनचं नाव बराबर लिही, अर्पिता. मागच्या साली वाचताना फादर अडखळलं," खाटेवरून उषाबाई म्हणाल्या.

"लिहिलं की, आत्याबाई," सून म्हणाली आणि कागदाची घडी करून तिनं पर्समध्ये टाकली.

टेंभुर्णीजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घरं सतरा. मेलेल्यांची नावं वाचून चर्चमध्ये करायची प्रार्थना, मिस्सा, नोव्हेंबरात एकदाच व्हायची, कारण एका फादरच्या गळ्यात बारा गावं. यादी लांबते म्हणून त्यांनी नियमच करून टाकला होता: एका घराची पाच नावं. उषाबाईंच्या घरची ठरलेली होती. सासरे, सासू, नवरा, दीर आणि थोरला मुलगा शांतवन. पहिली चौघं पिकल्या वयात, फादरच्या हातून शेवटचं तेल लावून घेऊन गेली. त्यांची बाईंना फारशी काळजी नव्हती. शांतवननं एकोणिसाव्या वर्षी विहिरीत उडी घेतली होती. तो स्वर्गाच्या अलीकडं कुठंतरी अडकलाय आणि लोकांनी नाव घेतलं की पाऊलभर पुढं सरकतो, अशी त्यांची खात्री होती. बावीस वर्षं त्या पहिल्या ओळीत बसून ते नाव ऐकत आल्या होत्या. यंदा पोटात पाणी झालं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पण चर्चचा भोंगा खाटेपर्यंत ऐकू यायचा, तेवढं पुष्कळ होतं.

धाकटा कल्याण आणि अर्पिता गेली. चारच्या सुमारास भोंगा खरखरला.

"रामराव," फादर म्हणाले.

"प्रभू, त्यांना चिरशांती दे," लोक म्हणाले.

सोनूबाई. अप्पाराव. मच्छिंद्र. उषाबाईंनी कोपरावर जोर देऊन मान उचलली.

"उषाबाई."

"प्रभू, त्यांना चिरशांती दे," सगळं चर्च म्हणालं. सवयीनं बाईही म्हणाल्या. मग शेजारच्या घराची नावं सुरू झाली.

अर्पिता उंबऱ्यात आली तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. "मी मेले का गं?"

सुनेला लाज वाटली म्हणावं, तर तसं काही नव्हतं. "डॉक्टर म्हणले, महिना निघतो का न्हाई. मेलेल्यांची मिस्सा आता एकदम पुढल्या साली. तवर तुम्ही तिथं ताटकळत बसणार का? तुमच्या भल्याचंच केलं."

"अन् माझा शांतवन?"

"बावीस वर्षं झाली. पोचले असतील भाऊजी आता. न्हाई पोचले तर मंग न्हाईच पोचायचे."

हाताशी तांब्या असता तर बाईंनी फेकून मारला असता. मग नमतं घेऊन म्हणाल्या, "बरं. माझी प्रार्थना तर झाली. पुढल्या साली माझं नाव नका देऊ. ती जागा त्याला द्या."

"पुढल्या साली माझ्या बापाचं द्यायचंय," चहाचं आधण ठेवता ठेवता अर्पिता म्हणाली. "मी एकलीच लेक. त्यांच्या नावाला दुसरं घर कुठंय?"

"कल्याण, तू तरी सांग हिला."

कल्याण अंगणात पाय धूत होता. धुतलेलेच पाय तो पुन्हा धुऊ लागला. "माय," तो म्हणाला, "चहा घेती का?"

उषाबाईंनी मान हलवली. नको.

"शांतवन," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि थांबल्या. आतून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. घरातली दोन्ही माणसं चहा प्यायली.

"प्रभू, त्याला चिरशांती दे," मग बाईंनीच उत्तर दिलं, आणि दम खाऊन पुन्हा नाव घेतलं.