रुमाल हजर

लोकप्रतिनिधीची खुर्ची ही लोकशाहीतली सगळ्यात पवित्र जागा. ती कधीही रिकामी राहत नाही. तिच्यावर रुमाल असतो.

नगरसभेच्या गोल सभागृहात हा रिवाज इतका जुना होता, की तो कुणी सुरू केला हे सांगायलाही कुणी जागेवर नसायचं. सदस्य सकाळी येत, बाकावर रुमाल, चष्म्याची पेटी नाहीतर कोट टाकत आणि उपाहारगृहात जाऊन शहराची चिंता करत बसत. कुठल्याशा माजी सभापतींनी निर्णय देऊन ठेवला होता, की वस्तू जागेवर असेल तर सदस्य इमारतीत आहे आणि इमारतीत आहे म्हणजे हजर आहे. एक तृतीयांश सदस्य हजर असल्याशिवाय कामकाज चालवता येत नाही. ही गणपूर्ती मोजायला चिटणीस बाकांमधून फिरायचे आणि प्रत्येक रुमालापाशी आदरानं मान डोलवायचे. काही रुमाल तर कायमचे मुक्कामाला होते. सफाई कामगार ते सभेच्या खर्चानं धुऊन, इस्त्री करून पुन्हा हजर करत. मागे एक ज्येष्ठ सदस्य वारले, तेव्हा त्यांच्या दुखवट्याच्या ठरावालाही त्यांचा रुमाल हजर होता. ठराव एकमतानं मंजूर झाला. म्हणजे त्यांच्याही मतानं.

अशा सभेत कंडक्टरबाई निवडून आल्या. उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेलं. खिडकीतून रुमाल फेकून जागा धरणारा प्रवासी दिसला, की तो रुमाल उचलून त्याच्याच हातात द्यायचा आणि जागा उभ्या म्हातारीला द्यायची, हा त्यांचा एकमेव राजकीय विचार. त्यावर त्या निवडून आल्या, याचं त्यांच्या विरोधकांइतकंच त्यांनाही आश्चर्य वाटलं होतं.

निवडणुकीला उभं राहायचं कारण मात्र घरातच होतं. त्यांच्या वहिनींना बाजाराचा मोठा रस्ता ओलांडताना ट्रकनं उडवलं होतं. तिथं पादचारी पूल व्हावा म्हणून विषय कितीदा तरी सभेपुढे आला होता. वॉर्डाचे तेव्हाचे सदस्य दरवेळी हजर असत. सभापती त्यांचं नाव पुकारत, पण रुमाल काही उठून बोलत नसे, आणि विषय पुढच्या बैठकीत जाई. वहिनी आता कुबडी घेऊन चालत आणि रस्ता ओलांडायचाच नाही अशा बेतानं जगत.

त्या दिवशी बाईंचे दोन विषय होते. पहिला, मोजणीत माणूसच धरावा, वस्तू नव्हे, आणि लागोपाठ गैरहजर राहणाऱ्याची जागा रिकामी समजावी. दुसरा, पूल. वहिनी वर प्रेक्षकांच्या सज्जात कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसल्या होत्या.

बाईंनी सभागृहावर नजर फिरवली. समोर माणसं थोडकी आणि कापड भरपूर. त्या तरातरा उपाहारगृहात गेल्या. तिथं निम्मी सभा चहा पीत होती. दारातला शिपाई हळूच म्हणाला, "बाई, भत्तेवाढीचा विषय आलाय म्हणून सांगा. ढकलाढकली होईल दारात."

"खोटं सांगू? माझा ठराव कशावर आहे ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर म्हणतो. खरं सांगून कोण उठणार इथून?"

बाईंनी खरंच सांगितलं. मोठ्या आवाजात, बसमध्ये सांगायच्या तसंच. "चला, आत चला! हजेरीच्या ठरावावर मतदान आहे. आणि पुलाच्या."

सगळे कौतुकानं हसले. लांबलचक भाषणांमुळे ज्यांना सभेत 'घसा' म्हणत, ते सदस्य बशी खाली ठेवून म्हणाले, "ताई, तुमच्या ठरावाला माझा मनापासून पाठिंबा आहे."

"मग उठा."

"उठायचं कशाला? माझा रुमाल आहे ना तिथं!"

"तुमच्या रुमालाला मत देता येतं?"

"आजवर कुणाची तक्रार नव्हती बुवा," घसा म्हणाले आणि बशीतलं बिस्कीट त्यांनी बुडवून खाल्लं.

बाई परत आल्या तेव्हा त्यांची कानशिलं तापली होती. एका एका रुमालाला दोन बोटांत धरून खिडकीबाहेर सोडावं असं त्यांना वाटलं. सभापतींनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं, माईकवर हात ठेवला आणि वडीलकीच्या सुरात म्हणाले, "ताई, चिडू नका. मोजणी पुरेशी भरतेय. तुम्ही खाली बसा, मी दोन्ही विषय मंजूर करून टाकतो. रुमाल कधी विरोध करत नाहीत."

"म्हणजे रुमाल मोजू नयेत हा ठराव रुमाल मोजून मंजूर करायचा?"

"एकमतानं," सभापती म्हणाले. "शिवाय पूलही मिळतोय. वर कोण बसलंय, बघितलंय मी."

बाई जागेवर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पुढारी, गुंड, पोलीस सगळ्यांना सीटवरून उठवलं होतं, पण तेव्हा गाडीत त्यांची वहिनी कधी नव्हती. चिटणीस कोटांपाशी, चष्म्यांपाशी मान डोलवत त्यांच्या रांगेत पोचले. घशांच्या रुमालापाशी त्यांची मान अर्धी खाली गेली, आणि बाई ताडकन उठल्या.

"हरकत आहे! माणसं मोजा! नाकडोळे असलेली मोजा!"

सभागृहात होते तेवढे सगळे जागे झाले.

सभापतींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सज्जाकडे पाहिलं. "हरकत मान्य," ते म्हणाले. "रुमालाचा जुना निर्णय मी आत्ता, या खुर्चीवरून, रद्द करतो. यापुढे फक्त माणसं. चिटणीस, मोजा."

चिटणिसांना फार चालावं लागलं नाही.

"गणपूर्ती नाही. बैठक तहकूब," सभापती म्हणाले आणि मनापासून हसले. "अभिनंदन, ताई."

जिन्यापाशी वहिनी एक एक पायरी उतरत होत्या. बाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"वन्सं, रुमाल धरून मोजणी भरत होती. पूल मिळत होता ना आज?"

"रुमालांनी दिलेला पूल, वहिनी! खोट्या मतांचा!"

"मला काय करायचंय कुणी दिला त्याच्याशी? पूल लोखंडाचाच झाला असता ना?"

"आज गप्प बसले असते, तर उद्या त्याच रुमालांनी तो रद्द केला असता."

"मग उद्या भांडायचं होतं! पुलावर उभं राहून भांडला असतात, मीही आले असते." वहिनी दम घ्यायला थांबल्या. "तुमचा खरेपणा राहिला, आणि मी राहिले रस्त्याच्या अलीकडे. त्या मेल्यांना चहा प्यायची सवय लागलीय, आणि तुम्हाला बरोबर असण्याची."

बाईंना सगळ्या सभेचा आला नव्हता एवढा राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण वहिनींचं चुकत नव्हतं. उपाहारगृहातून हसण्याचा लोट आला. बाई तशाच वळल्या आणि चिटणिसांना त्यांनी दारात अडवलं.

"पुढची बैठक कधी? उद्याच घ्या. मी एकेकाला घरून उचलून आणते."

"उद्या कसं घेणार?" चिटणीस म्हणाले. "तारीख सभागृह ठरवतं."

"मग ठरवा!"

"ठराव करावा लागतो, बाई. त्याला गणपूर्ती लागते."