किलोवर न गेलेली गाडी

ड्रायव्हरच्या सीटच्या शिवणीत ब्लेडचं टोक घालून तिने पहिला टाका उसवला, तेव्हा तिचे दोन्ही पाय उघड्या दारातून बाहेर लोंबत होते. वर चढताना स्टूल घ्यावं लागलं होतं, त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"चढायला स्टूल लागतं, ही गाडी की माडी?"

धाकटा बॉनेटवर फडकं फिरवत होता. "डोंगरात चालवायची आई. खाली दगड लागू नयेत म्हणून उचलून घेतलीय."

"डोंगराला नाही कळत तू आलास का गेलास. दगडांची काळजी तूच कर."

गल्लीत तिला सगळे मुकादमीण म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. पुढच्या खोलीत तिची शिलाईची मशीन होती. गाद्या, उशा, गाड्यांच्या सीटची कव्हरं, सगळं तिच्या हातून जाई. शाळेत ती अक्षराला अक्षर जोडण्यापुरतीच गेली. पण कापडाचं माप टेपाशिवाय घ्यायची आणि माणसाचं त्याहून लवकर.

ही गाडी धाकट्याने जुनी घेतली ती तशी बेताच्या पैशात. पुढे मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुकादमिणीच्या कमरेला लागतील एवढी चाकं आली. पुढे लोखंडी बंपर आला, त्यावर चिखलातून गाडी ओढून काढणारी तारेची चरखी आली, टपावर दिव्यांची ओळ आली. दर वेळी तो एकच वाक्य म्हणायचा, "स्वस्तात पडलं." पण ओसरीतली त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाली होती, आणि त्याच्या लग्नाआधी बांधायच्या वरच्या खोलीच्या सळ्या तशाच आकाशाकडे तोंड करून गंजत होत्या. स्वस्तात पडलं म्हणजे कोणाला तरी महागात पडलं, एवढा हिशेब तिला येत होता.

आता एकच अडचण उरली होती. ड्रायव्हरची सीट पार मागे जाऊन अडकली होती. धाकटा आईच्या वळणाचा, बुटका. क्लच दाबायला त्याला घसरत पुढे यावं लागे. मिस्त्रीने तेल घातलं, हातोडी मारली, शेवटी हात टेकले.

"मावशी, ही ऐकत नाही बघा," तो तिला म्हणाला होता. "आत काही मोडलेलं नाही. कोणी पाय रोवून बसावं तशी बसलीय."

"मग लाडीगोडी लावायची होतीस. बायकोला लावतोस तशी."

"बायको तरी कुठे ऐकते?"

म्हणून पाठीमागे जाड उशी शिवायची, आणि ती घसरू नये म्हणून सीटच्या बैठकीलाच खालून बंद जोडायचे, असं ठरलं. रविवारी धाकटा आपल्या मित्रांबरोबर निघणार होता. कुठे, ते त्याने सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं, कारण उत्तर तिला माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

टाके उसवून तिने बैठक उचलली, उलटी केली, आणि तिचा हात थांबला.

खालच्या बाजूला ठिगळ होतं. निळ्या चौकड्यांच्या चादरीचं. काळ्या कातड्याला हिरव्या दोऱ्याने टाचलेलं, शेवटी तीन वेढे घालून दोऱ्याचं शेपूट आत खोचलेलं. अशी गाठ कोणी मारत नाही. ती मारते. हिरवा दोरा का, तर थोरल्याच्या गाडीची सीट शिवली त्या दिवशी काळा संपला होता. "खाली कोण बघणार?" असं ती म्हणाली होती, आणि थोरला ताडासारखा उभा राहून हसला होता, "मी बघीन ना."

त्या चादरीचा उरलेला तुकडा आत्ता या घटकेला तिच्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून पांघरलेला होता.

ती स्टुलावरून खाली उतरली. ब्लेड नीट कागदात गुंडाळून ठेवलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली, गिऱ्हाइकाने माल बघावा तशी. बंपरच्या डाव्या टोकाला पोचा होता. तो पोचा कसा आला ते तिला विचारावं लागलं नाही. फाटकाच्या खांबावर त्याची जोडीदार खूण अजून होती.

"ही दादाची चरखी आहे," ती म्हणाली. "बंपर पण."

धाकट्याचं फडकं थांबलं.

"दिवेसुद्धा," तो म्हणाला. "शोधून शोधून आणले. बंपर दोन गावं पलीकडच्या गॅरेजात होता. गॅरेजवाल्याने तिप्पट घेतले. मी स्वस्तात म्हणालो, कारण खरं सांगितलं असतं तर तू हाकलून दिलं असतंस."

"तुला आणि गाडीला, दोघांना."

"तूच तर सुटी सुटी विकलीस आई. किलोवर घातली असतीस तर मला काही सापडलं नसतं."

थोरल्याची गाडी नदीच्या उतारावर, जिथून पाणी कमी असताना चाकं पलीकडे जातात, तिथे सापडली होती. तो सापडला नाही. भंगारवाला काटा घेऊन दारात आला तेव्हा तिने त्याला पायरीवरूनच परत धाडलं होतं. माझ्या घरची वस्तू रद्दीसारखी वजनावर जाणार नाही, म्हणाली. एकेक भाग, एकेक गिऱ्हाईक, चारी दिशांना. मान राहिला आणि गाडी परत एकत्र येण्याची भीतीही गेली, असं तिला वाटलं होतं.

"रविवारी तोच उतार ना?"

"तोच. दादा जिथे राहिला तिथून पलीकडे जायचंय मला. त्याच्याच सामानाने. एकदाच." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तू आडवी येऊ नकोस."

तिने पदराने हात पुसले, दोनदा पुसले.

"आणि सीट कुठे मिळाली?"

"सीट?"

"ड्रायव्हरची."

"ती कुठली शोधायची? गाडीबरोबर आली. ज्या डॉक्टरांकडून गाडी घेतली, त्यांनी शोरूममधून आणली तशीच ठेवली होती. कव्हरसुद्धा काढलं नव्हतं कधी." तो हसला. "का? फार फाटलीय?"

तिने मागच्या अंगणाकडे पाहिलं. थोरल्याच्या गाडीची पाणी प्यायलेली सीट कोणी घेतली नव्हती. मग ती तिने स्वतःच्या हाताने तिथे जाळली होती. आतल्या फोमचा वास कितीतरी दिवस कपड्यांतून जात नव्हता. त्या जागी अजून गवत धरत नाही.

"नाही," ती म्हणाली. "शिवण चांगली आहे."

ती परत स्टुलावर चढली. बैठक जागेवर बसवली, उसवलेले टाके परत घातले, तीन वेढे, शेपूट आत. मग ती त्या सीटवर टेकली. पाय अधांतरी राहिले. पाठीला ऊन लागावं तशी ऊब लागली. गाडी तर सकाळपासून सावलीत होती. पाण्याचा वास होता, आणि साबणाचा, इस्त्रीच्या शर्टाचा. थोरला सीटचा पट्टा कधी लावायचा नाही. इस्त्री मोडते म्हणायचा.

जेवायला बसताना तो पाटावर असाच ऐसपैस बसायचा, धाकट्याला जागाच उरायची नाही. तेव्हा ती जशी बोलायची तशीच आता बोलली, आवाज न चढवता.

"सरक. लहान आहे तो. त्याला बसू दे."

सीट पुढे सरकली. खडखड नाही, कुरकुर नाही. तिचे पाय पॅडलवर टेकले.

धाकटा दाराशी येऊन उभा राहिला. "काय केलंस? मिस्त्री हरला होता."

"मिस्त्रीला बोलता येत नाही." ती उतरली. "उशी नको आता. रविवारी मी पण येणार."

"आई, तिथे..."

"मी तुला आडवी येत नाहीये ना? मग तूही मला आडवा येऊ नकोस."

तो मान हलवून हसला. गाडीला वळसा घालून त्याने पलीकडचं, पुढचं दुसरं दार उघडलं. "बरं. मग पुढे बस, माझ्या शेजारी. तिथून नदी चांगली दिसते."

"मला मागेच बरं," ती म्हणाली.

ती मागच्या सीटवर चढली. धाकटा चाक धरून बसला, क्लच दाबून बघितला, खूश झाला. ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. बैठकीचं कातडं मधोमध, कोणी बसावं तसं, थोडं दबलेलं होतं.

मागून हात घालून तिने त्या सीटचा पट्टा ओढला, पोटाशी जितकी जागा लागते तितकी सैल सोडली, आणि खटकन लावला.