गच्चीवरचा टायमर

अरीजनं गच्चीवरच्या टायमरचा शेवटचा स्क्रू काढून दातांत धरला आणि झाकण उघडण्याआधी जिन्यात कोणी नाही ना, ते वाकून पाहिलं. आज पाण्याचा दिवस होता; नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येई. सगळ्या अश्रफिया टेकडीवर पंप घरघरत होते आणि ती वडिलांकडे न सांगता आली होती.

टायमर तिनं स्वतः बनवला होता. बटण दाबलं की अर्धा तास पंप चालायचा, गच्चीवरची टाकी भरायची आणि पंप आपोआप थांबायचा. निदान तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात पठ्ठ्या कधी वेळेवर थांबे, तर कधी टाकी उतू गेली तरी चालूच. मग बाबा डबा काढून तिच्या घरी आणून देत आणि तिथं टेबलावर तो दिवसभर शहाण्यासारखा वागे. तिनं रिले बदलला, चिप बदलली, वेळ ठरवणारा कपॅसिटर तर दोनदा बदलला.

दर शनिवारी ती इलेक्ट्रॉनिक्सच्या क्लबात लोकांना हेच सर्किट शिकवायची. आणि तिचा भाऊ रायद घरोघरी सांगत सुटला होता की, अरीजच्या टायमरपेक्षा बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो. आज तो बाजारातला तयार टायमर बसवायला येणार होता. तसं झालं तर तिच्या कामावर कायमची फुली पडली असती. तो यायच्या आत दोष शोधायचा होता, आणि तो सापडणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

झाकण उघडल्याबरोबर तो दिसला. तिच्या कपॅसिटरला खेटून आणखी एक कपॅसिटर जोडला होता. म्हणजे वेळ दुप्पट; आणि डबा तिच्याकडे आणताना तो काढला की सगळं ठीक. तारा मेणाच्या दोऱ्यानं नीटस बांधल्या होत्या, दर गाठ सारख्या अंतरावर. बाबांसारख्या टेलिफोन खात्यात जन्म घालवलेल्या माणसाशिवाय अशी गाठ आता कोण मारतं?

तेवढ्यात मागे पाण्याचा आवाज आला. बाबांची टाकी भरून वाहू लागली होती. जादा पाण्याच्या नळीचं तोंड पूर्वी गटाराकडे असायचं, ते आता शेजारच्या बुटक्या टाकीकडे वळलेलं होतं. ती टाकी म्हाताऱ्या शेजारणीची, उम्म हन्नाची.

चहाचा ट्रे घेऊन बाबा जिना चढून आले आणि उघडा डबा पाहून थबकले.

“हे तुम्ही लावलंत?”

“चहा घे. गार होईल.”

“बाबा.”

त्यांनी ट्रे कठड्यावर ठेवला. “तिचा पंप जळलाय. टँकरच्या पाण्यावर कसं भागवते, तिचं तिलाच ठाऊक.”

“मग सरळ पाणी द्यायचं.”

“घेईल ती? आजवर एक ताटली तरी रिकामी परत केलीय तिनं?”

ते खरं होतं. दारी आलेली ताटली रिकामी पाठवायची नाही, ही तर सगळ्यांचीच रीत. पण उम्म हन्ना त्या बाबतीत फार कडक. मागे बाबांनी भरलेली द्राक्षाची पानं पाठवली, तर ताटलीतून मुरंबा आला. नाताळला मुलगा येईल म्हणून तिनं राखून ठेवलेला.

“सांडलेल्या पाण्याची परतफेड करावी लागत नाही,” बाबा म्हणाले.

“आणि माझं नाव गेलं, त्याचं काय?”

बाबा ओशाळले. “तुझं नाव मोठं आहे, पोरी. एवढं निभावून नेईल, असं वाटलं.”

अरीजला राग आला होता आणि हसूही. जिन्यात रायदची पावलं वाजली, तसं तिनं झाकण लावलं.

“सापडला दोष?” त्याच्या हातात नवं खोकं होतं.

“सापडला. माझंच गणित चुकलं. उन्हानं कपॅसिटर तापला की वेळ वाढते.”

रायद खूश झाला. “मग हा बसवू?”

“हात लावू नकोस. मी घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही. लागतील अजून काही महिने.”

“काही महिने? परवा तर छाती ठोकून सांगत होतीस.”

“परवा सांगत होते.”

धुण्याची टोपली घेऊन उम्म हन्ना वर आली. आपल्या टाकीत पडणाऱ्या धारेकडे तिनं एकदा पाहिलं, मग अरीजकडे.

“तुझा डबा अजून बिघडलेलाच का गं?”

“हो मावशी. जमतच नाहीये मला.”

म्हातारीनं चादर झटकली, दोरीवर टाकली आणि तिची टोकं जुळवत बसली.

“असू दे,” ती म्हणाली. “सावकाश शीक. घाई कसली आहे?”