बारा इंची खोकं

भाईदासनं मुंबईहून गिटार आणली तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मांडीवर आडवी ठेवायची, हातात लोखंडाचा तुकडा धरून तारांवर घासायचा आणि त्यातून बाई रडल्यासारखा आवाज काढायचा, याला काय वाजवणं म्हणायचं? पण त्याचा थोरला भाऊ जीवराम मिस्तरी ओट्यावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या भावाले आवडते ना? मंग झालं." विषय तिथंच संपला. जीवरामचा आवाजच तसा होता. नळावर भांडणाऱ्या बायासुद्धा तो बोलायला लागला की घटकाभर थांबायच्या.

जीवराम जळगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सुतार होता. आईबाप गेले तेव्हा भाईदास चड्डी सांभाळायच्या वयाचा होता, त्याला जीवरामनंच वाढवलं. दिवसभर रंधा मारायचा आणि संध्याकाळी गायचा. गाणं कुणाकडे शिकला नव्हता, पण लग्नात, गणपतीत त्याला बोलावणं ठरलेलं. भाईदास कापडाच्या दुकानात कामाला लागला, गिटार शिकला, आणि भावाच्या बाजूला बसून साथ करू लागला. तबल्यावर उखर्डू. या तिघांचा मेळ चांगला जमला. सुरुवातीला लोक म्हणायचे, जीवराम मिस्तरीचं गाणं आहे. मग म्हणायला लागले, ते गिटारवाले येणार आहेत. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती अशी. जीवरामला त्याचं काही वाटलं नाही. उलट तोच येईल त्याला सांगत सुटायचा, गिटार म्हणजे काय चीज असते ते.

त्यांची तालीम जिनिंगच्या गोदामात चालायची. जिनवाल्या मालकाची परवानगी होती. हिवाळाभर तिथं कापसाच्या गाठी छपरापर्यंत रचलेल्या असत आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हे तिघं पोतं अंथरून बसत. एका दिवाळीनंतर भाईदासच्या लक्षात आलं, की भाऊ गातो आहे पण ऐकू येत नाही. म्हणजे सूर होता, शब्दही होते, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. जीवरामलाही ते जाणवलं असावं. गाणं थांबवून तो गाठींकडे बघत म्हणाला, "कापूस आवाज खाते रे."

"हो भाऊ. खातेच," भाईदास म्हणाला.

कापूस आवाज खातो हे खरंच आहे. गोदामात टाळी वाजवली तरी ती विझून जाते. पण कापूस उखर्डूचा तबला खात नव्हता आणि गिटारही खात नव्हता. फक्त जीवरामचाच गळा तो निवडून निवडून खात होता. भाईदासला हे त्याच संध्याकाळी कळलं, आणि त्यानं ते गिळून टाकलं. उन्हाळ्यात गोदामाचा पत्रा तापे म्हणून तालीम अंगणात व्हायची, तेव्हा वाऱ्यावर खापर फुटलं. उघड्यावर आवाज उडून जातो, भाऊ. जीवराम मान डोलवायचा. इतकी वर्षं जिनात राहून नाकातोंडात गेलेली रुईची धूळ आतून काय करत होती ते त्याच्या बायकोला, शेवंतावहिनीला, माहीत होतं. रात्रभर तो खोकायचा आणि ती उठून पाणी तापवायची. पण तिनंही कधी तोंड उघडलं नाही.

कार्यक्रमात मग भाईदास एक युक्ती करू लागला. त्याची गिटार एका जुन्या रेडिओला जोडलेली असे आणि त्यातून वाजे. भाऊ गायला लागला की तो रेडिओचं बटण हळूच मागे फिरवायचा आणि उखर्डूला डोळ्यानं खुणवायचा. उखर्डू बोटांच्या टोकांनी वाजवायचा. माईक वाढवावा तर वरचा कर्णा शिट्टी मारायचा. तेव्हा पुढच्या दोन रांगांना जेवढं ऐकू जाईल तेवढं जायचं, आणि लोक मिस्तरीच्या जुन्या नावाला मान देऊन गप्प बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. भाईदासला वाटायचं, आपल्याला दुसरं काही नको, भाऊ म्हातारा होईपर्यंत असाच माईकसमोर उभा राहावा. ज्यानं आपल्याला वर आणलं त्याला खाली उतर असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

अशी दोन वर्षं गेली. मग अमळनेरच्या एका लग्नात धुळ्याच्या रुपचंदशेठनं त्यांना ऐकलं. जेवणं उरकल्यावर शेठ भाईदासला बाजूला घेऊन म्हणाला, "आखाजीले धुयामा मोठा कार्यक्रम कराना शे. बठ्ठा गाव येई. पण मैदान मोठं शे, मांगला मानूसले बी गिटार आयकू येवाले जोये. हाऊ रेडिओ चालाव नही." एवढं बोलून त्यानं पान तोंडात टाकलं. गाणाऱ्याबद्दल शेठ अवाक्षर बोलला नाही. भाईदासनंही विचारलं नाही.

स्टेशनजवळ चिंधाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटारसाठी वेगळा अॅम्प्लिफायर बांधून द्यायला चिंधा एका पायावर तयार झाला. प्रश्न होता स्पीकरचा. त्याच्याकडे दोन होते, एक आठ इंची, एक बारा इंची. नुसता स्पीकर उघडा वाजवून चालत नाही, त्याला लाकडाचं खोकं लागतं. लहान स्पीकरला काखेत मावेल एवढं खोकं पुरतं. मोठ्याला मात्र माणसाच्या कमरेला लागेल एवढं हवं, आणि त्याला कमी जागेत कोंबलं तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो. खोकं करायला घरचाच सुतार होता. "आधी दोन्ही वाजवून पाहू, मंग ठरवू," चिंधा म्हणाला.

पाहायला ते सगळे गोदामात गेले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, हंगाम संपला होता, शेवटच्या गाठी रेल्वेनं निघून गेल्या होत्या. पावसाळ्यात तालीम घरीच होई, त्यामुळे झाडून घेतलेलं रिकामं गोदाम भाईदासनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. चिंधानं दोन फळ्यांत जुजबी अडकवलेला मोठा स्पीकर जोडला आणि भाईदासनं एक तार छेडली. सूर पार मागच्या भिंतीला जाऊन परत आला. उखर्डूला हसू फुटलं. जीवराम तर पोरासारखा खूश झाला. "वाजव, वाजव," म्हणाला, आणि हात कानाला लावून गायला लागला.

भाईदासचा हात सवयीनं बटणाकडे गेला, पण आज तिथं रेडिओ नव्हता. बटण चिंधाजवळ होतं. गिटारखाली जीवरामचं गाणं पुरतं बुडालं. भाईदासनं वाजवणं थांबवलं, उखर्डू थांबला, आणि त्या मोठ्या जागेत एकट्या जीवरामचा आवाज उरला. तो बारीक होता, खरखरत होता, आणि दारापर्यंत पोचत नव्हता. एक ओळ म्हणून तो थांबला आणि चारही भिंतींकडे बघू लागला.

"आज तं कापूस बी नाही," तो म्हणाला.

"पत्रा तापेल हाये, भाऊ," भाईदास घाईनं म्हणाला. "तापल्या पत्र्याखाली आवाज दबतो."

जीवरामनं मान वर करून पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाला, "असन," आणि खोकत बाहेर गेला. भाईदासला स्वतःच्या जिभेची लाज वाटली, पण ती उचलून टाळ्याला लावून झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो चिंधाकडे गेला आणि आठ इंची स्पीकर सांगून आला. चिंधानं कपाळाला हात लावला. एवढ्या मैदानात त्या चिमुकल्या खोक्यातून काय जाणार? तिसऱ्या रांगेमागचे लोक उठून जातील. शेठ पुन्हा बोलावणार नाही आणि धुळ्यात एकदा नाव गेलं की नंदुरबारपर्यंत जातं. हे सगळं भाईदासला कळत होतं. पण मोठ्या स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरला असता आणि भाऊ सगळ्या धुळ्यासमोर बुडाला असता. लहान घेतला तर दोघंही सारखेच कमी ऐकू येतील, एवढा साधा हिशेब त्यानं केला. घरी येऊन त्यानं भावाला सांगितलं, "लहानच कर खोकं. मोठं एसटीच्या टपावर चढत नाही."

"बरं," जीवराम म्हणाला. सुतार माणूस, त्याला टपावर काय चढतं आणि काय नाही हे भावाकडून शिकायचं नव्हतं. पण तो बरं म्हणाला, आणि भाईदासला सुटल्यासारखं झालं.

खोकं जिनातच होत होतं. आखाजीच्या दिवशी सकाळी जिनाची मालमोटार सरकी घेऊन धुळ्याला निघाली, तिच्यातून जीवराम आणि चिंधा सामान घेऊन पुढे गेले. भाईदास आणि उखर्डू जेवणं करून एसटीनं निघाले. आंब्याचा रस आणि पुरणपोळी खाऊन सगळी एसटी पेंगत होती. भाईदास मात्र वाटभर मनातल्या मनात गाणी लावत होता, कुठं भाऊ गाईल, कुठं आपण हात आखडायचा.

मैदानावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. स्टेजच्या मधोमध कमरेएवढं खोकं उभं होतं. सागवानी, कोपरे सांधून घासलेले, पुढे मलमलीचा पडदा, आणि उचलायला दोन्ही बाजूंना पितळी कड्या. भाईदास जागच्या जागी उभा राहिला. चिंधा मागं बसून तारा जोडत होता.

"हे कोणी सांगलं होतं तुले?"

"मले काय विचारतो?" चिंधा वर न बघता म्हणाला. "मिस्तरी माप घ्याले आले. मैदानाले कोणता स्पीकर लागते म्हने. मी सांगलं, मोठा. मंग म्हने, भाईदासनं लहान काउन सांगला? मी गप्प बसलो. त्याईले तेवढ्यात समजलं."

भाईदास भावाला शोधायला निघाला, पण तोवर लोक बसायला लागले होते आणि रुपचंदशेठ त्याला ओढून स्टेजवर घेऊन गेला. माहेरी आलेल्या लेकीबाळी नवी लुगडी नेसून आल्या होत्या, मैदान पार रस्त्यापर्यंत भरलं होतं. तेवढ्यात जीवराम स्टेजवर आला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. रोजच्यासारखा माईकसमोर उभा राहिला आणि काहीतरी बोलला. पुढचे लोक एकमेकांना विचारू लागले, काय म्हणाले, काय म्हणाले. शेवटी रुपचंदशेठनं पुढं होऊन तेच माईकवर पुन्हा सांगितलं, की मिस्तरी आज गाणार नाहीत, त्यांचा भाऊ वाजवणार आहे, गाण्यासारखंच ऐका. जीवरामनं मान डोलावली, खाली उतरला, आणि माणसांच्या कडेकडेनं मागे निघून गेला.

भाईदासनं वाजवलं. जीवराम पहिल्यापासून जे गाणं आधी म्हणायचा तेच त्यानं घेतलं. सूर खोक्यातून निघून मैदानभर गेला, रस्त्यावरचे टांगे थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला हात आखडावा लागला नाही. आणि त्याला आनंद झाला. भाऊ माईकसमोर नाही म्हणून छाती भरून आनंद झाला. ही गोष्ट त्यानं पुढे जन्मभर कुणाला सांगितली नाही, वहिनीला नाही, बायकोलाही नाही. लोकांनी त्याला उठूच दिलं नाही.

सगळं उरकल्यावर तो मागे धावला. रस्त्याच्या कडेला शेंगदाण्याच्या गाडीपाशी जीवराम उकिडवा बसला होता.

"इथंलोक आलं का, भाऊ?"

"आलं. बठ्ठं आलं," जीवराम म्हणाला. "शेवटला सूर बी आला. चांगलं वाजवलं." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुले कधीपासून माहीत व्हतं?"

भाईदासला अजूनही खोटं बोलता आलं असतं. भावाचा चेहरा बघून त्याच्यानं ते झालं नाही. "त्या दिवाळीपासून," तो म्हणाला.

जीवराम हातातली शेंग फोडत राहिला. आवाज चढवायला त्याच्याकडे आवाज नव्हता, म्हणून तो तसाच हळू बोलला. "म्हंजे दोन वर्सं मी लोकाईसमोर नुसतं तोंड हालवलं. आन् तू बाजूले बसून पाहत व्हता."

भाईदासकडे सांगायला पुष्कळ होतं. तुझं मन दुखू नये म्हणून, तुझ्यावर जीव आहे म्हणून. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीएक उपयोगाचं नव्हतं. दोघांनी मिळून खोकं मालमोटारीत चढवलं, एका कडीला जीवराम, दुसऱ्या कडीला भाईदास.

त्यानंतर जीवराम भावाशी नीट वागला. बोलायचा, हसायचा, प्रत्येक कार्यक्रमाला खोक्याबरोबर जायचा आणि शेवटच्या रांगेत बसून आवाज पोचतो का ते बघायचा. गाणंही त्यानं अगदीच सोडलं नव्हतं. शेवंतावहिनी सांगायची, रंधा मारता मारता गुणगुणतात, चांगलं वाटतं ऐकायला. भाईदासनं ते कधी ऐकलं नाही. दारात त्याचं पाऊल वाजलं, की आत नुसता रंधा चालू राहायचा.