एका दिवसाचे अंतर

सकाळचे ऊन गॅलरीत एकदम येत नसे. आधी ते समोरच्या गच्चीवरील टाकीवर थबके, मग कठड्याच्या गजांतून तिरपे आत उतरे, आणि फार वेळाने, जणू परवानगी मागत, कपड्यांच्या दोरीवर पोचे. तिथे त्याचा निळा आणि तिचा पांढरा गणवेश शेजारी शेजारी वाळत असत. पाण्याच्या केंद्रावरचा तो पंपचालक चहा निवेपर्यंत ते पाहत बसे. त्या दोन कपड्यांना एकमेकांचा जेवढा सहवास लाभे, तेवढा त्या नवरा-बायकोला लाभत नसे.

लग्नाला आठ महिने झाले होते. त्याला दर चौथ्या दिवशी सुट्टी. ती नर्स, तिला दर सहाव्या. लग्नाआधी त्यानेच हौसेने हिशोब मांडला होता: चार आणि सहाचा लसावि बारा, म्हणजे दर बारावा दिवस अख्खा दोघांचा. तो दिवस एकदाही उगवला नव्हता.

"नशीबच असलं आपलं," तो पुटपुटला.

ती ड्यूटीला निघण्यासाठी केस बांधत होती. "नशीब काय? इकडे या, गणितज्ञ!"

तिने दोरीवर चौदा चिमटे ओळीने अडकवले. "एक चिमटा, एक दिवस. निळा तुझ्या सुट्टीचा, लाल माझ्या. बाकी पिवळे."

पहिला निळा, त्याला लागून लाल. पुढे आधी लाल, मग निळा. शेवटी पुन्हा निळा आणि लाल. लाल दर वेळी निळ्याच्या शेजारी. एका जागी कधीच नाही.

"म्हणजे माझा लसावि चुकला?"

"बारा बरोबरच आहे रे. पण दोघांनी एकाच दिवसापासून मोजायला हवं ना! आपल्यात एका दिवसाचं अंतर आहे. असंच चाललं तर म्हातारे होईपर्यंत चुकामूक."

"मग तू विचार ना तुमच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरना."

"दोनदा विचारलं. नाही म्हणाल्या. आता तू विचार. एकच दिवस पुढे."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. त्या पंपांच्या आवाजात तुला ऐकू तरी येणार आहे का?"

पुढच्या पाळीला तो साहेबांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परतला. तिसऱ्यांदा साहेबांनीच हाक मारली.

"साहेब, माझी सुट्टी... एक दिवस पुढे सरकली तर..."

"एवढंच? तुझा चेहरा बघून वाटलं, पंप जळाला! घे की. या वेळेपासूनच घे."

घरी आल्यावर त्याने सगळे निळे चिमटे एकेक घर पुढे सरकवले. दुसऱ्या जागी निळा लालवर बसला. मग थेट चौदाव्या जागी पुन्हा. मध्ये बरोबर बारा दिवसांची चाल. उतरत्या उन्हात दोन्ही जोड्या किंचित हलत होत्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

आठ महिन्यांत त्याने कुणाला विचारलेच नव्हते.