पाचव्या शीलावरची कुजबुज

भीमराजच्या प्रज्ञाचं लग्न लागलं बुद्धविहारात, पन सीडी लावली की टीव्हीतनं मंगलाष्टका! पांढऱ्या साडीतली पोरगी बुद्धाच्या मूर्तीपुढं हातात माइक धरून ओठ हलवतीय, आन् वरनं सनई आन् 'सावधान, सावधान'. मिक्सिंगवाल्यानं सगळ्या लग्नांना लावायचा आवाज ह्याबी लग्नाला चिकटवून दिला. मूळ कॅसेट मागायला गेलो तर तिच्यावर कुनाचं तरी बारसं भरलेलं.

मी लई हसलो. भीमराज हसला न्हाई. आमी दोघं नगरजवळ नागापूरला, कारखान्याच्या एकाच शॉपमधी लेथवर, वीस वर्सं झाली. मानसाचा चेहरा कळतो मला.

"आमोस," तो म्हनला, "पोरगी लहानपनापासनं बोलताना अडखळायची, ठावं हाय ना तुला? त्या दिवशी पाचही शीलं एकटी म्हनली. कुठंच अडली न्हाई. ते मला परत ऐकायचंय. खाली हाय तिचा आवाज. टीव्हीला कान लावला की माशीवानी गुनगुन येती."

सनईखाली माशी! झालं, मला किडाच चावला. सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन दिल्लीगेटला माधुरी मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात गेलो. नव्व्यान्नव साल, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं, देवळासारखं.

"भीमराज, खोकू नको बरं," मी म्हनलो. "कॉम्प्युटरला व्हायरस होतो."

गड्यानं खिशातनं रुमाल काढून तोंडाला लावला! मॅडम खाली बघून हसत हुत्या.

सीडी आत गेली. मॅडम म्हनल्या, "काका, ही फाईल नुसती बघायची. कापायची, जोडायची, आवाज वेगळा काढायचा, तर आधी मोकळी करावी लागेल. आणि अख्खं लग्न नाही मावणार. दहा मिनिटं निवडा."

"आँ? एवढ्याशा चकतीत लग्न मावलं, आन् एवढ्या मोठ्या डब्यात मावंना?"

"चकतीवर घडी घालून ठेवलंय. साडीची घडी मोडली की खोलीभर होते ना, तसं."

पटलं. भीमराजनं फक्त शीलांचा भाग निवडला. पट्टी सरकायला लागली, गोगलगाईला बरं म्हनावं अशी. दहा मिनिटांच्या लग्नाला दोन तास. मी मॅडमला विचारून विचारून भंडावलं. चित्र कुठं बसतं? आवाज कुठं? पट्टी संपत आली तसा भीमराज रुमाल काढून खाली चहा आनायला गेला.

तेवढ्यात मॅडमनी नुसता आवाज उघडला. पडद्यावर दोन हिरव्या रेघा. वरची जाड, मेथीच्या जुडीसारखी गच्च. खालची तुटक तुटक.

"वरची डावी, खालची उजवी," मॅडम पुढं सरकल्या. "अहो, त्याने सनई एकाच बाजूला टाकलीय! तुमच्या टीव्हीला एकच स्पीकर असेल, म्हणून सगळी खिचडी."

त्यांनी वरची रेघ बंद केली. सनई गेली, आन् खोलीत प्रज्ञा बोलायला लागली. स्वच्छ. एक शील, दोन, तीन, चार. मी मांडीवर थाप मारली.

पाचवं आलं, दारूला न शिवायचं. आन् तिच्या आवाजावर दुसराच आवाज, कॅमेऱ्याच्या माइकला चिकटून:

"त्या फेटेवाल्याला घे, त्याला. नवरदेवाचा चुलता, काकासाहेब. म्या त्याला सांगितलंय, हलला की शूटिंगमधी मुंडकं तुटतं. बघ, पापनीबी लवत न्हाई! माश्या बसल्या तरी!"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "काका... हे तुम्ही?"

"कॅमेरावाल्याच्या कानात सांगत हुतो," मी म्हनलो. "कापता येतं का?"

"येतं. एवढा तुकडा निवडायचा, बटण दाबायचं. पण दोन्ही आवाज एकाच रेघेत आहेत. पाचवं शीलही जाईल."

"चार राहतील?"

"चार."

जिन्यावर पावलं वाजली. चकतीला तिथं ओरखडा हाय म्हनून सांगितलं असतं की! पन जो मानूस माझ्या एका शब्दावर दोन तास तोंडाला रुमाल लावून बसला, तो हेबी मानील. तिथंच माझी मजा गेली.

"पयल्यापासनं लावा, मॅडम."

भीमराज दारातच थांबला, हातात चहाची किटली तशीच. अंगठ्यानं बोटाची पेरं मोजत हुता. पाचव्याला माझी बडबड सुरू झाली तरी त्यानं मान वळवली न्हाई. पोरीचा शेवटचा शब्द पुरा झाला, मग बोलला.

"पाच."

मंग माझ्याकडं वळला. "म्हंजे काकासाहेब रुसलेले नव्हते? आरं, ताठ हुबं राहिले म्हनून मी त्यांच्या गावी जाऊन दुसऱ्यांदा टॉवेल-टोपी दिली! पाया पडलो!"

मॅडमनी तोंडाला पदर लावला. मी म्हनलो, "टोपी चांगली हुती का?"

"गप." त्यानं किटली टेबलावर ठेवायला घेतली, मॅडम ओरडल्या, त्यानं परत उचलली. "मॅडम, ह्यातलं एक अक्षर कापू नका. पोरीचं पाचवं पुरं पाहिजे."

"मंग माझंबी राहतंय," मी म्हनलो.

"राहू दे की! नवी सीडी पयली काकासाहेबांकडं जाईल. तू नेऊन द्यायची. त्यांच्या शेजारी बसून दाखवायची. शेवटपत्तुर."

मॅडमनी कोरी सीडी राइटरमधी सरकवली. पट्टी परत हलायला लागली. एरवी नगरात दिवसातनं तीनदा जानारी लाईट, त्या दिवशी काही गेली न्हाई.